मुदतीच्या मालिका

पुस्तकाची शिफारस करणे हे तसे निरुपद्रवी कृत्य आहे. वाचणाऱ्याला ते रुचले नाही तर विसाव्या पानावर तो ते मिटून ठेवतो, शिफारस करणाऱ्याला दोन दिवस टाळतो आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत बोलू लागतो. दूरचित्रवाणीवरील मालिकेचे तसे नाही. ती एकदा घरात शिरली म्हणजे रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवते, पाहुण्यांनी कधी यावे आणि कधी येऊ नये याचे अलिखित फर्मान काढते, आणि वर्ष-दोन वर्षे मुक्काम ठोकूनही निघण्याचा दिवस काही सांगत नाही. म्हणून भालकीच्या आमच्या गल्लीत, निवृत्त शिक्षकाच्या मताला जी थोडीबहुत किंमत उरली आहे तिच्या भरवशावर, "सर, सध्या काय बघूलालाव? आम्हालाबी सांगा की" असे कुणी विचारले, तर घरात माणसे किती आणि रिमोट कुणाच्या हाती, याची चौकशी केल्यावाचून मी तोंड उघडत नाही.

आमच्या मुलखात हा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या काळातील जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली, तेव्हा उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, नारायणखेड आंध्राकडे गेले, आणि भालकी-हुमनाबादसह उरलेला बहुतेक भाग म्हैसूर राज्याच्या पदरी पडला. महसुली दप्तरे यथावकाश आपापल्या नव्या कचेऱ्यांत दाखल झाली, परंतु सोयरिकी काही त्यांच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. आजही सून निलंग्याची येते, लेक आळंदला दिली जाते, बाजारात कन्नड चालते, बसथांब्यावर दखनी उर्दू, आणि देवघरात मराठी. पुण्यामुंबईचा माणूस मालिका कोणत्या भाषेतली, हे आधी विचारील. येथे ते कुणी विचारत नाही. येथे विचारतात की ती संपणार केव्हा.

आणि खरे पाहता दूरचित्रवाणी या भागात प्रथम आली ती मुदत ठरवूनच आली. १ ऑगस्ट १९७५ रोजी, अमेरिकेकडून उसना घेतलेल्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने, इस्रोने 'साइट' नावाचा जो प्रयोग आरंभिला, आणि ज्याची सूत्रे एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती, त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी निवडण्यात आली होती. कर्नाटकाच्या वाट्याला गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे आले. शाळेवर वा पंचायतीच्या इमारतीवर तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची वाटोळी अँटेना उभी राहिली, आणि शेती, आरोग्य व कुटुंबनियोजन यांचे पाठ सबंध गाव एकत्र बसून पाहू लागले. भाषा चार होत्या: हिंदी, कन्नड, तेलुगू, ओडिया. मराठी त्यांत नव्हती, आणि म्हणून गुलबर्गा जिल्ह्यातील ज्या मराठी कुटुंबांनी त्या वर्षी हा नवा पडदा पाहिला त्यांनी तो बहुधा कन्नडमधूनच पाहिला. (याच प्रक्षेपणाचा एक संच इस्रोने कोलंबोत राहणाऱ्या आर्थर क्लार्क या लेखकाला भेट दिला होता, खताच्या मात्रा ऐकणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना असा जगप्रसिद्ध सहप्रेक्षक लाभला होता, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.) ३१ जुलै १९७६ रोजी मुदत भरली, उपग्रह त्याच्या धन्याने आकाशात दुसरीकडे हलवला, आणि संच अंध झाले. गुलबर्ग्याला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र १९७७ साली झाले. तोवर त्या खेड्यांनी जे पाहिले त्याची आठवणच काय ती उरली असेल.

मालिकेची माझी कसोटी याच जातीची आहे, आणि ती सांगताना मला संकोच वाटत नाही: ज्या कथेला आपला अखेरचा दिवस ठाऊक असतो, तिच्यातील माणसे आपसूक माणसांसारखी वागतात, कारण लेखकाला त्यांच्या हातून उगाच कुणाचे विष, कुणाचा स्मृतिभ्रंश आणि कुणाचा पुनर्जन्म घडवून वेळ काढावा लागत नाही. जुन्या दूरदर्शनचे दोष पुष्कळ होते, आणि तेथील लालफितीच्या कारभाराचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. तथापि तेरा तेरा भागांच्या हिशेबाने मंजुरी देण्याच्या तेथील रिवाजाने लेखकाला आटोपशीरपणाची जी शिस्त लावली, तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

त्या शिस्तीतून निघालेली आणि आमच्या सीमाभागाला विशेष जवळची वाटणारी मालिका म्हणजे 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांनी इंग्रजीत लिहिलेल्या कथा, आर. के. लक्ष्मण या त्यांच्या धाकट्या बंधूंची रेखाचित्रे, शिमोगा जिल्ह्यातील आगुंब्याचा पाऊस, आणि या सर्वांना हिंदीत बोलते करणारे शंकर नाग. होन्नावरला जन्मलेला, घरी कोकणी बोलणारा, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटात भूमिका केलेला आणि पुढे कन्नड चित्रपटाने डोक्यावर घेतलेला हा दिग्दर्शक १९९० साली, पस्तिसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला. तीतील शाळकरी पोर स्वामीनाथन याच्या वडिलांचे काम करणारे गिरीश कर्नाड हे तर माथेरानला जन्मलेले कन्नड नाटककार. एका मालिकेत भाषांची इतकी सरमिसळ, आणि तरीही कुठे शिवण दिसत नाही. वाघाशी झुंजलेल्या एका खेडवळ पोराची बातमी वर्तमानपत्रात वाचून वडील स्वामीच्या धैर्याची परीक्षा घ्यायला निघतात आणि त्याला रात्री आपल्या कचेरीच्या खोलीत एकट्याने झोपायला लावतात. भुताच्या भीतीने गर्भगळीत झालेले ते पोर अंधारात जवळ आलेल्या पायाला कडकडून चावते, तो पाय चोराचा निघतो, आणि दुसऱ्या दिवशी गावभर त्याच्या शौर्याचा डंका वाजतो. कर्नाडांच्या मुद्रेवर त्या वेळी अभिमान आणि अपराध यांचे जे मिश्रण उमटते, ते पाहण्यासाठी एवढा एक भाग पुन्हा लावावा.

दुसरी शिफारस करताना मी आवाज थोडा खाली आणतो. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली 'तमस' १९८८ साली दूरदर्शनवर आली, तिच्यावर बंदी घालावी म्हणून अर्ज झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. आरंभी ओम पुरींचा नत्थू एका कोंदट खोलीत रात्रभर डुकराशी झटतो. कुणासाठी आणि कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते, आणि आपल्याला मात्र क्षणाक्षणाला अधिक कळत जाते. फाळणी पंजाबातली असली तरी या जिल्ह्यांना ती परकी नाही. बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात १९४८ च्या मे महिन्यात निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी केलेली कत्तल, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस कारवाईनंतर याच परिसरातील मुसलमान वस्त्यांवर गुदरलेले प्रसंग, ज्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, या दोहोंविषयी येथील वृद्ध माणसे अद्याप दार लोटून बोलतात. त्या दोन्ही दुःखांना एकाच कथेत आणण्याचे धैर्य असलेली मालिका माझ्या पाहण्यात आली नाही. बिदरच्या किंवा कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या, एखाद्या तरुण लेखकाने ती लिहावी. तिला दहा भाग पुरतील.

मराठीच्या खाजगी वाहिन्या आमच्याकडे आल्या त्या शतक पालटताना. १९९९ साली अल्फा मराठी निघाली, आणि २००० साली हैदराबादच्या रामोजी समूहाने ईटीव्ही मराठी काढली. ज्या हैदराबादेहून आमच्या आजोबांना उर्दूत हुकूम येत, तेथूनच नातवंडांना मराठी करमणूक येऊ लागली, हा इतिहासाचा एक खट्याळपणाच म्हणायचा. त्याच वाहिनीवरील 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू होऊन तीन हजारांहून अधिक भागांनंतर २०१३ साली थांबली. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री तीत होती, यास्तव कठोर बोलवत नाही. पण नावात चार दिवसांचा करार करून अकरा वर्षे वसुली करणे हे काही सरळ व्यवहाराचे लक्षण नव्हे.

याच्या उलट 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ ते २००४ या काळात अल्फावर चालली. तीत कारस्थान नाही, खलनायिका नाही. आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे, एवढाच जामानिमा. आमच्या वहिनी सुपात तूरडाळ निवडत ती पाहत. एरवी मालिका सुरू असताना त्यांचे बोट खड्यावरून कधी चुकत नसे, कारण पाहण्यासारखे काही नसे आणि ऐकण्याने काम भागे. आबा टिपरे बोलू लागले की मात्र बोटे डाळीतच थांबत, आणि रात्री आमटीत एखादा खडा दाताखाली येई. 'उंच माझा झोका' (२०१२-१३) ही रमाबाई रानडे यांच्यावरील मालिका तिच्याच शेजारी ठेवतो, विशेषतः तेजश्री वालावलकरने केलेल्या लहान रमेसाठी. उत्तरार्धात ती थोडी ओसरली, हेही सांगून टाकतो.

कन्नड कळणाऱ्यांनी टी. एन. सीताराम यांची 'मायामृग' चुकवू नये. चंदन वाहिनीवर १९९८ साली आलेल्या त्या मालिकेतील मध्यमवर्ग दादर-गिरगावच्या मध्यमवर्गाचा सख्खा मावसभाऊ शोभेल.

तेव्हा ज्याला नव्याने आरंभ करायचा असेल त्याने मालगुडीपासून करावा, टिपरे सर्वांनी मिळून जेवताना पाहावेत, आणि 'तमस' मुले झोपल्यावर, रात्री एकच भाग या बेताने. आणि जी मालिका शंभराव्या भागातही पहिल्याच भागातील गैरसमजावर उभी आहे ती, शेजारीपाजारी काय म्हणतील याची पर्वा न करता, आज रात्रीच बेलाशक बंद करावी.