हिरवं तेच निरोगी, असं मी मानत होतो

तुमसरच्या धानपट्ट्यात वाढलेल्या माणसाची नजर फुलाआधी पानावर जाते. रोवणी आटोपली की बांधावर उभं राहून पानांवरूनच पिकाची प्रकृती ओळखायची. खालची पानं पिवळी पडली तर नत्र कमी. तांबूस-तपकिरी डाग उमटू लागले तर जस्ताची कमतरता. दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखी रंगाचे ठिपके म्हणजे करपा. बांधीच्या मधोमध पीक गोलाकार वाळत गेलं तर बुडाशी तुडतुडे. लोंबी भरेपर्यंत पानावर दुसरा रंग दिसला की घरात चिंता शिरायची. वडिलांनी मला हे असंच शिकवलं.

त्यामुळे रंगीत पानांच्या झाडांविषयी माझं मत ठाम होतं. अंगणात तुळस असावी, जास्वंद असावी, गोडलिंब आणि धोपा असावा. क्रोटनची पिवळी-लाल पानं पाहिली की मला आजारी बांधी आठवायची. ज्याला धड फूल नाही, फळ नाही आणि ज्याचं पानही हिरवं नाही, त्याला पाणी का घालायचं, असं मी उघडपणे म्हणत असे.

सूनबाईंनी माहेराहून क्रोटनची फांदी आणून कुंडीत लावली. जागा मिळाली ती ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात. तिथे तिला नवी पानं आली ती जवळजवळ हिरवी. मला ती तब्येतीने सुधारल्यासारखी वाटली. सूनबाई मात्र म्हणाल्या, “मामाजी, उजेड कमी पडतोय तिला. म्हणून रंग गेला.” कुंडी सकाळच्या उन्हात आली आणि पुढची पानं पिवळी फुटून जून होता होता केशरी, मग लाल झाली.

माझं मत तिथून बदलत गेलं. धानात जो रंग उपासमारीची खूण, तोच क्रोटनमध्ये पोटभर उजेडाची खूण. उजेड कमी मिळाला किंवा नत्र जास्त झालं की क्रोटन हिरवं होतं. पान जुनं होताना त्यातलं हरितद्रव्य कमी होतं आणि लाल-जांभळी द्रव्यं वर येतात. झाड तेव्हा ठणठणीत असतं. पान वाचायची माझी सवय चांगलीच होती, पण एका पिकाची वाचणी मी सगळ्या वनस्पतींना लावत होतो.

ही झाडं परकी म्हणून नकोत, हाही माझा आक्षेप होता. क्रोटन मूळचं इंडोनेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचं. १७व्या शतकात अंबोन बेटावर राहणाऱ्या रम्फियस या वनस्पती-अभ्यासकाने त्याची नोंद केली. पण क्रोटनच्या शेजारी ठेवलेल्या कोलियसचं खोड बोटांत फिरवून पाहिलं, तर ते तुळशीसारखंच चौकोनी. दोघी एकाच कुळातल्या. ब्राझीलकडचं कॅलेडियम आपल्या धोप्याचं आणि सुरणाचं नातेवाईक. आणि रंगीत पान आपल्या जंगलालाही नवं नाही. मार्चमध्ये कुसुमाची कोवळी पालवी लालभडक असते. ती आपण कौतुकाने पाहतोच.

आता तुमसरच्या हवेबद्दल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हिवाळ्यात रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो. या झाडांना दोन्ही टोकं सोसत नाहीत. सकाळचं ऊन आणि दुपारी हिरव्या नेटची सावली, हा माझा नेम आहे. कोरड्या हवेत क्रोटनवर लाल कोळी येतो. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा फवारा मारला की तो आटोक्यात राहतो. नुसती कन्हार माती कुंडीत घालू नये. ती पाणी धरते आणि मुळं कुजतात. तिच्यात रेती, पालापाचोळ्याचं खत आणि धानाचं तूस मिसळावं. तूस या गावात कमी नाही. कोलियसचे शेंडे आणि तुरे खुडले तर झाड भरतं. कॅलेडियमची पानं दिवाळीनंतर गळू लागतात. तेव्हा झाड मेलं असं समजून फेकू नये. पाणी तोडावं, कंद कोरड्या रेतीत ठेवावेत आणि मिरगाच्या आधी पुन्हा लावावेत.

एक काळजी मात्र सक्तीने घ्यावी. क्रोटनचा चीक कातडीला चुरचुरतो आणि कॅलेडियमचं पान खाल्लं तर तोंड, घसा खाजतो, सुजतो. लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नये आणि छाटलेल्या फांद्या गुरा-शेळ्यांपुढे टाकू नयेत.

धानाच्या बाजारपेठेत प्रत्येक रोपाचं मोल क्विंटलमध्ये होतं. ते योग्यच आहे. त्यावर आमची घरं चालतात. पण अंगणात एक तरी झाड असं असावं, ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही, फक्त रोज निरखायचं. माझ्या धान पिकवणाऱ्या भावांना माझी विनंती आहे: ओसरीशी एक क्रोटन लावा. बांधीतला रोग ओळखणारी तुमची नजर त्याने बोथट होणार नाही, उलट अधिक बारीक होईल.