उघाडीवरचा जिताडा

"आज कितवा चांद?" फजरच्या नमाजानंतर अब्बांनी विचारले.

"आठवा."

त्यांनी कोपऱ्यातले तंगुसाचे रीळ उचलले. चांद कळला की पुढचा हिशेब त्यांचा. आठव्याला भांग, पाण्याला ओढ कमी, गरी जागेवर राहते.

भरती-ओहोटी शिकवताना मी वर्गात फळ्यावर 'मद्दो-जज़र' लिहितो. हालींच्या मुसद्दसच्या नावातला हा शब्द मुले पाठ करतात. घरी मात्र उधाण आणि भांग हेच शब्द. ते मला अब्बांनी शिकवले.

आमच्या गावामागची लहान खाडी पुढे राजपुरीच्या खाडीला मिळते. पावसाळा सरला की भातखाचरांतले पाणी बांधाच्या उघाडीतून खाडीत उतरते. त्याबरोबर बारीक मासळी येते आणि तिच्यावर टपून जिताडा उघाडीच्या तोंडाशी थांबतो. साडेसातच्या सुमारास भरती पुरी झाली. सुकती लागून उघाडी वाहू लागेपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो. अब्बा जिवंत कोळंबी गरीला लावू लागले. तीनदा ती बोटांतून निसटली. मी हात पुढे केला नाही. त्यांना ते आवडले नसते.

दहा वाजून गेले होते. एकाएकी दोर ताठ झाला. अब्बा उठले, दोन वाव दोर ओढला आणि तो माझ्या हातात दिला.

"धर. बोटांना कळत नाय."

लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर गरवायला येत होतो. मोठा मासा लागला की माझे काम टोपली धरण्याचे. हा दोर कधीतरी आपल्या हातात यावा, असे किती वर्षे वाटत होते! आज आला, तेव्हा तो घेववेना.

"ओढू नको. सोड, मग घे."

मी ओढला. जिताडा पाण्याबाहेर उसळला, त्याने डोके झाडले आणि दोर हलका झाला. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला सुरीसारखी धार असते. तंगूस त्यावर कापला गेला.

मोतीबिंदूमुळे अब्बांना ते दिसले नाही.

"गेला?"

"गेला."

"मोठा होता?"

"दीड हात तरी असेल."

"मग मादी असंल. मोठ्याच्याच पोटात गाबोळी मिलते. जाऊ दे."

जिताडा आधी नर असतो आणि पुढे मोठा होऊन मादी होतो, हे मी बी.एड. झाल्यावर एका पुस्तकात वाचले. अब्बांना ते अम्मीच्या विळीवर कळले होते.

घरी अम्मीने खोबऱ्याचे वाटण करून ठेवले होते. त्यात बटाटे पडले. जेवताना अब्बा काही बोलले नाहीत. हात धुऊन ते माझ्या शाळेच्या पिशवीपाशी गेले आणि मुलांच्या वह्यांवर त्यांनी ते रीळ ठेवले.

"बाविसाव्या चांदाला परत भांग हाय," ते म्हणाले. "तू जाऊन ये."