चंडीगढचा बावीस नंबरचा सेक्टर

चंडीगढला गेलेला प्रवासी उच्च न्यायालय व विधानसभा पाहतो, ल कॉर्बुझिए यांचे नाव ऐकतो आणि परततो. आम्ही मात्र बावीस नंबरच्या सेक्टरात अधिक रमलो. सरकारी क्वार्टरात उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला भव्य छतापेक्षा लहान घरातील मोरी कोठे आहे, ही चौकशी अधिक जिव्हाळ्याची वाटते!

या वस्तीच्या रचनेत मोठा वाटा जेन ड्रू या इंग्रज विदुषीचा आहे. जन्म १९११ चा. वास्तुशास्त्र शिकूनही स्त्री म्हणून नोकरी मिळणे कठीण झाले. तेव्हा युद्धकाळात त्यांनी लंडनमध्ये स्वतःची कचेरी काढली आणि प्रारंभी तेथे केवळ स्त्रियांनाच नेमले. उत्तर मोठे सडेतोड!

फाळणीत लाहोर गेले, पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५० च्या अखेरीस थापर व वर्मा हे अधिकारी लंडनला गेले असता ड्रू व त्यांचे पती मॅक्सवेल फ्राय यांनीच कॉर्बुझिए यांचे नाव सुचविले. पुढे राजधानीचे प्रासाद कॉर्बुझिए यांच्याकडे आणि माणसांची घरे मुख्यत्वे या दांपत्याकडे व प्येर जानरे यांच्याकडे आली. १९५१ ते १९५४ ही तीन वर्षे बाई येथे राबल्या.

सरकारी घरांच्या तेरा श्रेण्या होत्या. पहिली मुख्यमंत्र्यांची, शेवटची शिपायाची. पगारावरून माणसाची पायरी ठरविणारी ही मांडणी आम्हांस रुचत नाही. पण शेवटच्या पायरीवरही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, नळ, वीज आणि मागे अंगण मिळाले. ज्या काळी शिपायाचे कुटुंब एका खोलीत दाटीने राही, त्या काळी ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. पैसा तुटपुंजा, म्हणून भिंती उघड्या विटांच्या. ऊन अडविण्यासाठी विटांच्याच जाळ्या व छज्जे.

आता अंगणांवर छपरे चढली आहेत, ओसऱ्या ग्रिलने बंदिस्त झाल्या आहेत. जाणकार हळहळतात. आम्हांस तितके वाईट वाटले नाही. कुटुंब वाढले की घरही हातपाय पसरणारच.

त्याच कचेरीत १९५१ साली रुजू झालेल्या युली चौधरी पुढे हरियाणा व पंजाब या दोन्ही राज्यांच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या. ड्रूबाई १९६९ साली लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि १९९६ साली निवर्तल्या. २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत चंडीगढचे नाव लागले, ते कॅपिटल संकुलाचे. बावीस सेक्टरातील शिपायांच्या घरांचे नव्हे.