कोपऱ्यातली सही

मांजरी बुद्रुक

चि. मुक्ता,


तू विचारलंस ते एवढंच, की नोकरी सोडून पूर्णवेळ कॉमिक्स काढू का. पण निरोपाच्या शेवटी सहज लिहून गेलीस, 'मुखपृष्ठावर माझं नाव नसेल, पण आत्या, नावाचं काय लोणचं घालायचंय?' काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बापूंची नात असं लिहिते?

बापू साध्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तरी उजव्या कोपऱ्यात सही केल्याशिवाय शिडीवरून उतरत नसत. हडपसरच्या एका पाटीवरच्या सहीवरून झालेलं भांडण तुझ्या वडिलांना विचार.

आणि तुझी ती मासिकांची ट्रंक! त्यातली मासिकं वाचून वाचून तूच फाडलीस. 'टिंकल'मधला सुपंडी तुला पाठ होता. १९८३ मध्ये तो आला. कल्पना एका वाचकाची, पण ते लांबुळकं डोकं आणि तो भाबडा चेहरा राम वाईरकरांनी दिला. अमर चित्र कथेतला 'कृष्ण'ही त्यांचाच. २००३ मध्ये ते गेले, पुढे त्यांच्या मुलीने सुपंडी काढला. प्रताप मुळीक तर आपल्या पुण्याचे. अमर चित्र कथेतला 'शिवाजी' त्यांचा, आणि हिंदीतल्या पोरांनी डोक्यावर घेतलेला नागराजही किती वर्षं त्यांच्याच हातचा! आपल्या सोसायटीत विचार, सुपंडी सगळ्यांना माहीत. वाईरकर किती जणांना? मला हे फार लागतं गं. माणसाने आयुष्यभर मान मोडून काढायचं आणि लोकांनी फक्त पात्राला ओळखायचं.

म्हणून प्रकाशकाचा करार नीट वाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क विकलास तरी 'हे मी काढलं' म्हणण्याचा अधिकार कलम ५७ ने तुझ्याकडे राहतो. तो तू आपणहून का सोडतेस? आणि दुसरं, नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचं होतं. तेव्हा तुझं पुस्तक ऑफिसच्या वेळेत, त्यांच्या लॅपटॉपवर मुळीच काढू नकोस.

नोकरीचं म्हणशील, तर मला धीर होत नाही. पानामागे मिळणाऱ्या पैशांवर घरभाडं कसं भरशील? प्रकाशक पैसे लांबवतात, आजारपण सांगून येत नाही. त्यात तुझं मनगट दिवाळीपासून दुखतंय. डॉक्टरांना दाखवलंस का, तेही लिहिलं नाहीस. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा देऊ नको.

कराराचे फोटो आजच पाठव, सगळ्या पानांचे, मागच्या बारीक अक्षरांसकट. शेजारच्या वकीलबाईंशी बोलून ठेवलंय, त्या रविवारी घरी असतात. तोवर सही करू नकोस.

तुझी,
आत्या