गिऱ्हाईक येईपर्यंत कागद काढा
(नवेगाव बांधच्या जमीन-एजंटास अनावृत पत्र)

भाऊ,

बाजार थंड आहे, ही तुमची तक्रार खरी आहे. धानाचे चुकारे अडले की गावातला घेणारा गप्प बसतो. नागपूरचा घेणारा फोनवर भाव विचारतो, फोटो मागवतो आणि ‘पावसाळ्यानंतर बघू’ म्हणतो. विकणाऱ्याला मात्र थांबता येत नाही. घरी लग्न असतं, दवाखाना असतो, सोसायटीचं कर्ज असतं. अशा दिवसांत काही एजंट मालकाचा भाव पाडतात, काही गिऱ्हाइकाला भुलवतात. तुम्ही तिसरं काम करावं: इसार होण्याआधी जमिनीचे कागद तपासून द्यावेत आणि त्याची मजुरी वेगळी घ्यावी, सौदा होवो न होवो. दलाली फक्त सौद्यावर मिळते, म्हणून तर दोष दिसला तरी जीभ अडखळते.

आणि आपल्या भागात दोष एका सातबाऱ्यात दिसत नाहीत. जुन्या नोंदीत ‘झुडपी जंगल’ निघालं तर तिथेच थांबा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या अशा जमिनी वनजमीनच ठरवल्या. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली, नंतरच्यांवर कडक अटी घातल्या. त्या जागेवर फार्महाऊसचं स्वप्न विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती खटला देणं.

मालक आदिवासी असेल आणि घेणारा नसेल, तर महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय खरेदी टिकत नाही. भोगवटादार वर्ग-२ असेल तर परवानगी वेगळी. नागपूरचा नोकरदार शेतकरी नसेल, तर विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्यात त्यालाही अडथळा आहे. हे त्याला पहिल्याच फोनवर सांगा. तो चिडेल, पण पुढच्या वेळी तुम्हालाच फोन करील.

वारसांची नोंद तर सगळ्यात जास्त रखडते. बाप गेला, फेरफार झाला नाही, बहिणी छत्तीसगडात दिल्या. ‘त्यांना काय करायचं’ असं भाऊ म्हणतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर ते चालत नाही. बाजार पडलेला असतानाच हे काम करायला सवड मिळते. बहिणींना बोलवा, हक्कसोड करायची की हिस्सा द्यायचा ते त्यांना मोकळेपणी ठरवू द्या, मग मोजणी मागवा. धुऱ्यावरचं भांडण मोजणीच्या दिवशी निघालेलं बरं, खरेदीनंतर नव्हे.

तलावाकाठच्या जमिनीचं आणखी एक आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी हे पाणी अडवलं. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, पण निस्तार हक्क उरले. गुरांची वाट, बोडीचं पाणी, सरपण-गवत. नवा मालक तारेचं कुंपण घालतो आणि आठवड्याभरात गाव त्याच्या दारात उभं राहतं. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक वाचून काठावर घर शोधत येणारे हौशी लोक भेटतातच. त्यांना पक्ष्यांबरोबर बांधीतली रानडुकरंही दाखवा.

कोणी लेआउट पाडून प्लॉट विकत असेल आणि जागा ५०० चौरस मीटरहून मोठी असेल, तर महारेराची नोंदणी मागा, आणि तो माल विकायचा तर तुमचीही हवी. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. साध्या शेतजमिनीवर ही देखरेख नाही, आणि तुमचे बहुतेक सौदे शेतजमिनीचेच असतात.

कागदाची मजुरी द्यायला मालकाकडे पैसे नसतात, हे मला माहीत आहे. चुकारे येईपर्यंत थांबा, नाहीतर घेणाऱ्याकडून घ्या. तो चारचाकीतून आलेला असतो. दोन एकरांऐवजी अर्ध्या एकरात मालकाची गरज भागत असेल, तर तसंही सांगा, फक्त तुकडेबंदीचं प्रमाणक्षेत्र बघून. आणि मालकाला एक भाव, गिऱ्हाइकाला दुसरा, मधला फरक आपल्या खिशात, ही रीत या हंगामापासून सोडा. दोघांना एकत्र बसवून भाव बोला.

तुमच्याच तालुक्यातला,
एक शेतकरी