नकाराचं भांडवल

अमरावती,
शनिवार, रात्री उशिरा

बाळ्या,

तुझा फोन ठेवला तेव्हा गॅसवरची भाजी करपली होती. म्हणे, ‘मॉड गॉनने हो म्हटलं असतं तर यीट्स झालाच नसता. तेव्हा माझंही झालं ते बरंच झालं.’ अरे, तो आयरिश कवी यीट्स तुझ्या हातात मीच दिला ना, शिवण उसवलेला? त्यातून नेमकं हेच उचललंस!

तू विचारलंस एवढंच की त्याचं चांगलं चरित्र कुठलं. रॉय फॉस्टरचं, दोन खंड. येशील तेव्हा ने. पण मला आता झोप येणार नाही, तेव्हा बाकीचंही ऐक.

१८८९ च्या जानेवारीत मॉड गॉन त्याच्या लंडनच्या घरी आली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. १८९१ मध्ये त्याने मागणी घातली. नकार. पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. १९०३ मध्ये तिने मॅकब्राइड या मेजरशी लग्न केलं. १९१६ च्या आयरिश बंडानंतर इंग्रजांनी मॅकब्राइडला गोळ्या घातल्या, आणि हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ पुन्हा मागणी घालायला हजर! (पुढच्या वर्षी तिच्या मुलीलाही विचारलं. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.) आपण लग्न केलं नाही म्हणून जग आपले आभार मानील, असं ती त्याला म्हणाल्याचं तिनेच लिहून ठेवलंय. बाई चतुर. पण नकार आपल्या वसंताकाकालाही तीन आले होते. त्याने काय लिहिलं? बँकेचं लेजर.

दुःख सगळ्यांनाच होतं रे. त्याचं काही घडायला घरात माणसं लागतात.

गॉलवेकडे कूल पार्क नावाचं घर होतं, लेडी ग्रेगरीचं. ती त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी, विधवा, कामाची पक्की. १८९७ च्या उन्हाळ्यात हा तिथे आला तो मनाने आणि शरीराने पार खचून. काही सुचेना, लिहवेना. तिने काय केलं? त्याला हाताला धरून झोपड्या-झोपड्यांतून हिंडवलं, म्हाताऱ्यांकडून लोककथा गोळा केल्या. पोटासाठी लेख पाडायला लागू नयेत म्हणून पैसे दिले. पुढे तर यानेच तिला सांगून ठेवलं, की रोज अकराला मला कामाला बसवत जा, टाळाटाळ केली तर रागाव. तिच्या करड्या मायेवाचून आपल्या हातून फारसं काही झालं नसतं, हे त्याने स्वतः कबूल केलंय. तिथे त्याने किती उन्हाळे काढले! आणि १९०४ मध्ये डब्लिनला अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं तेही या दोस्तीतूनच. तीन वर्षांनी तिथे सिंग या नाटककाराच्या नाटकावर दंगा झाला, तेव्हा हा सिंगच्या बाजूने उभा राहिला. आणि तू? नाटकाचा ग्रुप सोडून खोलीची कडी लावून बसलायस.

१९२३ मध्ये नोबेल मिळालं. बातमीचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले, घरात वाइन सापडेना, म्हणून नवराबायकोंनी सॉसेज शिजवून आनंद साजरा केला. (ती बायको, जॉर्जी, हा आणखी एका पत्राचा विषय.) स्टॉकहोमला भाषण केलं ते स्वतःच्या कवितेवर नाही, नाटकाच्या चळवळीवर. त्यात म्हणाला, हा सन्मान स्वीकारताना माझ्या दोन बाजूंना दोघं असायला हवी होती: तरुणपणीच गेलेला सिंग आणि म्हातारी होत चाललेली लेडी ग्रेगरी. मॉड गॉनला तिथे त्याने बोलावलं नाही, बाळ्या. नीट वाच.

शेवटीशेवटी त्याच्या सोबतीला कोण होतं, ठाऊक आहे? आपल्या बडनेऱ्याचा माणूस. पुरोहित स्वामी. १९३५-३६ चा हिवाळा दोघांनी मायोर्का बेटावर काढला, उपनिषदांच्या इंग्रजी भाषांतरावर. त्याआधी स्वामींनी आपल्या गुरूंचं कैलासयात्रेचं मराठी पुस्तक इंग्रजीत नेलं, त्यालाही यीट्सचीच प्रस्तावना. बडनेऱ्याहून गाडी सुटली की मला हा स्वामी हटकून आठवतो.

आणि तुझ्या त्या सात कविता. एका रात्रीत! यीट्स तरुणपणीच्या ओळी म्हातारपणापर्यंत खोडत होता. तू ‘काळीज’ हा शब्द अकरा वेळा वापरलायस, मी मोजले. तिसरी मात्र, ती सायकलवरची, चांगली आहे. तिच्यात तू रडत नाहीस, बघतोस.

जेवतोस काय? फोनवर आवाज खोल गेलेला वाटला. तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राने मला फोन केला होता, दोनदा दार वाजवून परत गेला म्हणून. सांगू नका म्हणाला होता, मी सांगितलं. त्याला दार उघड.

उद्यापासून रोज सकाळी अकराला मी फोन करणार आहे. उचल.

तुझी,
मावशी