कुंडलिका : पडलात तर पाय पुढे!

मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी नद्या आटतात. रायगड जिल्ह्यातली कुंडलिका मात्र कोलाडजवळ सकाळी खळाळत असते. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करतं आणि मग या नदीत सुटतं. त्यावर रबरी होड्या, म्हणजे राफ्ट, निघतात.

बसण्याआधी जाकीट, हेल्मेट आणि एक धडा. पाण्यात पडलात तर? ‘उभं राहू’ म्हणाल. नेमकं तेच करायचं नाही! पाय दगडांच्या फटीत अडकला, तर कमरेएवढं पाणीसुद्धा माणसाला आडवं करून खाली दाबून ठेवतं. म्हणून उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्यावर. खडक आला की पायांनी रेटायचा. प्रवाहाशी भांडण नको. तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं. मोठ्या खडकामागे पाणी संथ असतं, तिथे दम घेता येतो.

आडवं पडलेलं झाड आधाराचं वाटतं, पण ते वैरी! पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो. लांबूनच बाजूला व्हायचं. नाहीच जमलं, तर पालथं होऊन जोरात त्याच्याकडे पोहायचं आणि खोडावर चढायचं.

शेवटच्या संथ टप्प्यात वाटाडे जाकिटासह पाण्यात उतरू देतात. तिथे उताणं तरंगून बघाच!